प्रतिपालक कुटुंबाच्या पाठीशी कोण?

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय ठरवायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी आठवडी बाजार, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, गावची जत्रा असे विषय घेतले. मी 'प्रतिपालकत्व' हा शब्द सांगितला तेव्हा शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे दत्तकच ना गं?" मी "नाही" म्हणाले खरी, पण दत्तक नव्हे तर मग काय, हे मला तेव्हा धड चार वाक्यांत सांगता आले नसते. वास्तविक काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी नऊ महिने ही गोष्ट घडत होती. तिला शास्त्रात एक नाव आहे, तिच्यावर जगभर अभ्यास झाला आहे, हे मात्र आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

२०२१ चा जून महिना. त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली होती आणि मी निकालाची वाट पाहत घरी बसले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वडिलांच्या नात्यातली एक बाई गेली. तिचा नवरा ऊसतोडीला जाणारा, त्यात दारूचे व्यसन. मुलगा सात वर्षांचा. वडील एका दुपारी त्याला हाताला धरून घेऊन आले आणि आईला म्हणाले, "राहू दे आपल्याकडे." आई म्हणाली, "दोन होते, आता तीन." एवढ्यावर निर्णय झाला. (त्या मुलाचे नाव मी लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असे काही छापता येत नाही; आणि कायदा नसता तरी मी लिहिले नसते.)

पहिल्याच आठवड्यात आईने अंथरुणे उन्हात टाकायला काढली तेव्हा त्याच्या उशीखाली वाळलेली चतकोर भाकरी निघाली, आणि मुंग्या लागलेला गुळाचा खडा. आई हसली. म्हणाली, "अरे, भूक लागली तर मागावं की." दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी. मग ती ट्रंकेत सापडू लागली, माझ्या दप्तरात, देव्हाऱ्यामागे. घरात उंदीर झाले. आई समजावून दमली, मग रागावली, मग एक दिवस तिने स्वयंपाकघराला कडी लावायला सुरुवात केली. त्यानंतर तो रात्री अंथरूण ओले करू लागला, आणि गल्लीत सांगू लागला की काकू मला जेवायला देत नाही. हे शेवटचे आईला फार लागले. तिच्या हातचे जेवून शेजारीपाजारी तृप्त व्हावे अशी ती बाई, आणि तिच्यावर हा बोल.

माझेही सांगते. त्याने एकदा माझी वही फाडली. मी म्हणाले, "तुझ्या घरी जा." त्याला घर नव्हते हे मला माहीत होते, म्हणूनच मी ते म्हणाले.

गावातल्या एका गुरुजींच्या सांगण्यावरून वडिलांनी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला होता. त्यानिमित्ताने एका संस्थेची कार्यकर्ती दोनदा घरी आली. शाळेत नाव आहे का, लस टोचली का, झोपायला स्वतंत्र अंथरूण आहे का, असे तिने विचारले, फॉर्म भरला, सही घेतली. आईने भाकरीचे सांगितले. ती म्हणाली, "लहान आहे, होईल ठीक." ती वाईट नव्हती. तीन तालुके एकटीने एसटीने फिरत होती. आमच्या घरून निघताना तिचे लक्ष घड्याळाकडे होते, कारण शेवटची गाडी साडेपाचची. मार्च २०२२ मध्ये आईचा रक्तदाब वाढून तिला दवाखान्यात ठेवावे लागले. वडिलांनी बालकल्याण समितीपुढे जाऊन आता जमत नाही असे सांगितले. मुलगा जिल्ह्याच्या गावी बालगृहात गेला. अनुदानाचा पहिला हप्ता आला तेव्हा तो आमच्याकडे नव्हता. वडिलांनी ते पैसे परत कसे करायचे हे विचारायला दोन खेपा घातल्या.

आमचे चुकले काय? या प्रश्नापासून माझा प्रकल्प सुरू झाला. आता विषयाकडे वळते.

दत्तक घेतलेले मूल कायद्याने त्या घरचे होते. त्याला त्या घराचे आडनाव मिळते, वारसा मिळतो, आणि मागचे कायदेशीर नाते संपते. प्रतिपालकत्वात, म्हणजे ज्याला इंग्रजीत फॉस्टर केअर म्हणतात त्यात, यातले काही होत नाही. आईबाप आजारी आहेत, तुरुंगात आहेत, व्यसनात बुडाले आहेत, किंवा हयातच नाहीत, अशा वेळी मुलाला संस्थेत न ठेवता दुसऱ्या एखाद्या कुटुंबात काही काळ ठेवावयाचे. तो काळ काही महिन्यांचा असेल किंवा अनेक वर्षांचा. आपल्याकडे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याच्या ४४ व्या कलमात ही सोय आहे. मूल कोणत्या घरी ठेवायचे हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे कलमच सांगते. २०२४ साली केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांप्रमाणे अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होता येते, आणि मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळे असेल तर दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्रतिपालकत्वाची व्याख्या आहे. मूल ज्या कुटुंबात ठेवायचे ते कसे असावे यासाठी तेथे चार विशेषणे वापरली आहेत: निवडलेले, पात्र ठरलेले, मान्यता मिळालेले आणि देखरेखीखाली असलेले. ती मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ पाहत बसले. चारही विशेषणे कुटुंबाला पारखणारी आहेत. ज्याला कोणाचे साहाय्य आहे असे कुटुंब, या अर्थाचे पाचवे विशेषण तेथे नाही. राज्य सरकारने दरमहा पैसे द्यावेत असे कलम ४४ मध्ये आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तेही तपासणीच्या पद्धतीला जोडूनच आहे. शिवाय समितीने प्रत्येक प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी असेही बंधन आहे. समितीत अध्यक्ष धरून माणसे पाच. महिन्यातून किमान वीस दिवस त्यांनी बैठकीला बसायचे, जिल्ह्यातली हरवलेली, टाकलेली, पळून आलेली, छळलेली सगळी मुले पाहायची, आणि वर घरोघर फिरायचे. कायदा लिहिणाऱ्याने एसटीचे वेळापत्रक पाहिले नसावे.

तपासणीवर एवढा भर का, याचे कारण शोधताना मी इंग्लंडच्या इतिहासापर्यंत गेले, आणि तेथे जे वाचले त्याने माझी वरची थट्टा थोडी ओसरली. डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा वेल्समधल्या न्यूपोर्ट नगरपालिकेच्या ताब्यात होता. १९४४ साली त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला श्रॉपशायरमधल्या एका शेतावर, एका जोडप्याकडे ठेवण्यात आले. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मरण पावला. उपासमार आणि मारहाण झाल्याचे त्याच्या शरीरावर दिसत होते. चौकशीत कळले की मुलगा एका प्रांताचा, घर दुसऱ्या प्रांतात, आणि पाहणी कोणी करायची याचा घोळ दोन कार्यालयांत चालू होता. डिसेंबरात एक कर्मचारी महिला त्या घरी जाऊन आली होती. मुलाची अवस्था तिला चिंताजनक वाटली आणि तिने तसे कळवलेही. पण मध्ये नाताळ आला. या प्रकरणाने सगळा देश हादरला. मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि १९४८ मध्ये मुलांचा नवा कायदा झाला. प्रत्येक स्थानिक संस्थेला मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे भाग पडले. (इंग्रजी साहित्याच्या मित्रांसाठी: अगाथा ख्रिस्तीचे 'द माउसट्रॅप' हे १९५२ पासूनचे गाजलेले नाटक या घटनेवरूनच सुचले आहे.)

तेव्हा तपासणी हवीच. परक्या घरात मूल ठेवायचे आणि पाठ फिरवायची, हा मुलाच्या जिवाशी खेळ होईल. पण डेनिसच्या त्या घरासाठी जो उपाय आहे तो माझ्या आईसाठी पुरेसा नाही. तिला कोणी तपासायला हवे होते ते खुशाल तपासावे; तिला कोणीतरी शिकवायलाही हवे होते.

संस्थेपेक्षा घर बरे, हे आता नुसते भावनेने म्हणायचे राहिलेले नाही. त्याचा सर्वांत काटेकोर पुरावा रुमानियातून आला. चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ पासून गर्भपाताला बंदी होती. गरिबी आणि सक्तीची बाळंतपणे यांमुळे १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाच्या वर मुले सरकारी अनाथालयांत होती. २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ मुले अभ्यासासाठी घेतली. वय सहा ते एकतीस महिने. सोडत काढून निम्मी प्रतिपालक कुटुंबांत ठेवली, निम्मी होती तशी राहिली. (सोडतीने मुलांचे नशीब ठरवणे योग्य का, असा प्रश्न मलाही पडला. त्या शहरात तेव्हा प्रतिपालक कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. आणि संस्थेत राहिलेल्या मुलाला पुढे कोणी घरी नेले तर संशोधकांनी आडकाठी केली नाही. तरी प्रश्न पुरता सुटतो असे मला वाटत नाही.) चार वर्षे सहा महिन्यांच्या वयात बुद्धिमापन केले तेव्हा संस्थेतल्या मुलांची सरासरी ७३ आली, प्रतिपालक घरांतल्या मुलांची ८१, आणि जी जन्मापासून आपल्या घरीच वाढली त्या बुखारेस्टच्या मुलांची १०९. दोन वर्षांच्या आत जी मुले घरात आली त्यांना अधिक फायदा झाला.

या आकड्यांचा पुष्कळ गवगवा झाला, पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ती छप्पन्न कुटुंबे संशोधकांना तयार करावी लागली होती. त्यांना दरमहा मोबदला होता. सामाजिक कार्यकर्त्या त्यांच्या घरी वारंवार जात. मूल जवळ येत नाही, रडत नाही, हसत नाही, अशा वेळी काय करायचे हे आईच्या शेजारी बसून सांगत. आणि त्या कार्यकर्त्यांनाही एकटे सोडलेले नव्हते. त्यांनी आठवडाभर जे पाहिले त्यावर बालमानसशास्त्राचे जाणकार दर आठवड्याला त्यांच्याशी बोलत. म्हणजे मुलामागे आई, आईमागे कार्यकर्ती, कार्यकर्तीमागे जाणकार, अशी ती रांग होती. ८१ हा आकडा नुसत्या घराचा नव्हे, या रांगेचा आहे. आपल्याकडे हा अभ्यास सांगताना 'घर' एवढाच शब्द उचलला जातो.

आता भाकरीकडे येते. प्रतिपालकांच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेली काही पुस्तिका-प्रकरणे मी ग्रंथालयात आणि संगणकावर वाचली. त्यांत एका प्रकरणाचा मथळाच अन्न लपवणाऱ्या मुलांविषयी होता. ज्या मुलाने उपास काढले आहेत, किंवा ज्याचा सांभाळ करणारे माणूस अचानक नाहीसे झाले आहे, ते मूल अन्न साठवते. त्याला भूक असतेच असे नाही. उद्या मिळेल याचा भरवसा नसतो. त्याला रागावू नये, झडती घेऊ नये, अन्नाला कुलूप तर मुळीच लावू नये. त्याच्या हाताला येईल अशा जागी त्याच्या एकट्याचा एक डबा ठेवावा, त्यात टिकाऊ खाऊ असावा, आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नये. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी लपवणे कमी होते. बस, एवढेच.

मी हे त्या रात्री आईला वाचून दाखवले. ती भांडी पुसत होती. हातातले ताट तिने खाली ठेवले आणि म्हणाली, "हे एवढंच होतं होय? मग तेव्हा कुणी का नाही सांगितलं?" थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "मी कडी लावली गं."

प्रतिपालकांसाठी साहाय्यसेवा म्हणतात त्या याच. त्यांतल्या बऱ्याचशा अशाच साध्या आहेत, एका संध्याकाळच्या बोलण्याएवढ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे संमत केली त्यांत म्हटले आहे की मूल घरात येण्याआधी, ते असताना आणि ते गेल्यानंतरही प्रतिपालकांना मार्गदर्शन व आधार मिळावा, आणि त्यांच्या संघटना उभ्या राहाव्यात. 'गेल्यानंतरही' या शब्दावर मी थांबले. मूल गेल्यावर आमच्या घरी कोणी आले नाही. आई कित्येक दिवस तीन जणांच्या अंदाजाने पीठ मळत होती.

इंग्लंडमध्ये आता मुलासाठी एक सामाजिक कार्यकर्ता असतो आणि प्रतिपालकासाठी वेगळा. मुलाच्या कार्यकर्त्याने मुलाचे हित पाहायचे. दुसऱ्याने घरच्या माणसांचे गाऱ्हाणे ऐकायचे, त्यांना शिकवायचे, आणि वर्षातून एकदा तरी न सांगता येऊन पाहणीही करायची. म्हणजे आधार आणि देखरेख यांचे भांडण नाही, दोन्ही एका माणसाच्या पिशवीत मावतात. प्रतिपालकांची स्वतःची राष्ट्रीय संघटना तेथे १९७४ पासून आहे. ती ऑक्टोबर महिना प्रतिपालकांच्या पोटच्या मुलामुलींसाठी पाळते, हे वाचून मला आधी हसू आले. मग वही फाडल्याचा दिवस आठवला. परके मूल घरी आणताना घरातल्या मुलांशी आधी कोणी बोलावे, त्यांचीही चीडचीड ऐकून घ्यावी, यालाही तिकडे सेवा म्हणतात. तिकडे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. प्रतिपालक मिळेनासे झाले आहेत आणि असलेले सोडून जात आहेत, अशी तेथील तक्रार आहे.

मला सर्वांत आवडलेली कल्पना अमेरिकेतल्या सिॲटल शहरातली. २००४ साली तेथल्या 'मॉकिंगबर्ड' नावाच्या संस्थेने ती सुरू केली; २०१५ पासून ती ब्रिटनमध्येही आहे. सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबांचा एक गट करायचा. त्या गटाच्या मध्यावर एक अनुभवी प्रतिपालकाचे घर असते. तेथे मुले सुट्टीत राहायला जातात, महिन्यातून एकदा सगळी कुटुंबे जमतात, एखादी आई अगदीच थकली तर दोन दिवस मूल तिकडे ठेवून ती विसावा घेते, आणि अडल्या वेळी फोन करते. हे वाचताना मला वाटले, याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे: माहेर. लेकीने मुलांना घेऊन चार दिवस जायचे, मुलांना आजीच्या स्वाधीन करायचे, आणि सासरी परतताना ताजेतवाने व्हायचे. प्रतिपालक बाईला या कामापुरते माहेर नसते. "दुसऱ्याचं पोर कशाला घेतलंस?" असेच तिला तिच्या खऱ्या माहेरी ऐकावे लागते, माझ्या आईला लागले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. वर्गात प्रकल्पाचे वाचन झाले तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले की आपल्याकडे यशोदेने कृष्ण वाढवला, राधेने कर्ण वाढवला. भाच्याला, पुतण्याला वाढवणे ही आपली रीत आहे. तिला या पाश्चात्त्य सेवांची गरज काय? आक्षेप वजनदार आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. उत्तर मला आजीच्या बोलण्यात मिळाले. तिच्या लहानपणी वाड्यात दोन पोरकी मुले होती. ती कोणाकडे वाढली, असे विचारल्यावर ती म्हणाली, "कुणाकडे म्हंजे? वाड्यातच." एकीच्या पदराला कंटाळली की दुसरीच्या ताटात बसायची. एक रागावली तर दुसरी जवळ घ्यायची. म्हणजे विसावा, सल्ला, बदली हात, सगळे त्या वाड्यातच होते. त्याला सेवा असे नाव नव्हते इतकेच. आज दोन खोल्यांच्या घरात एका बाईकडून आपण अख्ख्या वाड्याचे काम मागतो आणि परंपरेचा दाखला देतो. यशोदेच्या मागेही सारे गोकुळ होते.

आता महाराष्ट्रापुरते. आपल्याकडे नात्यातल्या वा परक्या कुटुंबात मूल ठेवण्यासाठी जी योजना सर्वांत अधिक पोहोचली आहे तिचे आजचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ, निराधार, एकच पालक असलेली, दुर्धर आजारी पालकांची अशी मुले तिच्यात येतात. त्यामुळे सगळीच काही प्रतिपालकत्वातली नव्हेत, बरीच आपल्या विधवा आईजवळच राहतात. आमच्या वेळी महिना अकराशे रुपये होते. २०२३ पासून २,२५० झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, प्रतिपालकत्वासाठी मुलामागे महिना ४,००० रुपये आहेत. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण बालसंगोपनात घरभेटी आणि पाठपुरावा करणाऱ्या संस्थेला एका मुलामागे महिन्याला २५० रुपये मिळतात. शंभर मुले असली तर पंचवीस हजार. त्यात कार्यकर्तीचा पगार, एसटीचे भाडे, कागद, झेरॉक्स. आमच्या घरी आलेली ती बाई साडेपाचच्या गाडीसाठी का उठली, हे मला या आकड्याने समजले. तिच्याविषयीचा माझ्या मनातला राग त्या दिवशी गेला.

प्रकल्पासाठी मी अशाच एका संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर चार दिवस फिरले. बहुतेक घरांत मुले आजीकडे किंवा मावशीकडे होती. पैशाच्या अडचणी सांगायला कोणी संकोचत नव्हते: हप्ता चार महिने आला नाही, बँकेत आधार जोडले गेले नाही, शाळा म्हणते की पालकाची सही आणा आणि मावशीची सही चालत नाही. या शेवटच्या अडचणीला तर एक पैसाही लागत नाही; समितीच्या आदेशाची प्रत शाळेला कोणी समजावून सांगितली तरी पुरे. एका वस्तीवर सत्तरीच्या एक आजी होत्या. नातू दहा वर्षांचा. फॉर्म भरून झाला, कार्यकर्ती उठली, तशी आजी म्हणाल्या, "पैसं येत्यात ते बरं हाय बाई. पर ह्यो रातचा वरडत उठतोय. तवा म्या काय करू, ते सांग की." कार्यकर्तीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. ती मग परत खाली बसली आणि शेवटची गाडी गेली तरी बसली. आम्ही दुधाच्या टेम्पोतून परतलो.

मुले मोठी झाल्यावर काय, हा आणखी एक प्रश्न आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना एकवीसपर्यंत मदत देण्याची तरतूद बाल न्याय कायद्यात आहे, पण तिचे शब्द संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांविषयी आहेत. प्रतिपालक घरात वाढलेल्या मुलाचे अठराव्या वाढदिवसाला अनुदान थांबते आणि पुढे ते त्या घराच्या भलेपणावर राहते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने दोघांची इच्छा असेल तर एकवीसपर्यंत त्याच घरी राहता येते, आणि स्थानिक संस्थेने त्यांना साहाय्य द्यावे लागते. आपल्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात अशी मुले नसतील असे आपण धरून चालतो. प्रवेशअर्जावर 'पालकाचे नाव' या ओळीपुढे पेन अडलेले कोणी दिसले तर खिडकीवरच्या माणसाने थोडे थांबावे, एवढे येथे लिहिते.

मागच्या दिवाळीत बालगृहाची परवानगी काढून आई आणि मी त्याला भेटायला गेलो. तो आता उंच झाला आहे. आवाज फुटू लागला आहे. मला "ताई" म्हणाला, आईला वाकून नमस्कार केला. आईने झाकणाचा स्टीलचा डबा नेला होता, शंकरपाळ्यांनी काठोकाठ भरलेला. त्याने झाकण उघडले, एक शंकरपाळी तोंडात टाकली, आणि विचारले, "काकू, डबा परत न्यायचा का?"

आई म्हणाली, "नाही रे. तुझाच आहे. रिकामा झाला की कळव."

त्याने झाकण घट्ट लावले आणि डबा आपल्या कपाटात, कपड्यांच्या घडीमागे ठेवला.